आर्किंग म्हणजे ठिणगी का?

विचारलंय असं की उपग्रहाच्या सोलर पॅनेलच्या वायरिंगमधल्या 'आर्किंग'ला भाषांतरात 'ठिणगी पडणं' म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार, ठिणगी उडते आणि विझते, आर्क पेटून राहतो, आणि उपग्रहाचा घात त्या पेटून राहण्यानंच होतो.

तिथं काय होतं, भोवतालच्या प्लाझ्मामुळं, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूमुळं, पॅनेलवर चार्ज साठतो, मग एक बारीक ठिणगी पडते, एवढ्यानं सहसा काही बिघडत नाही, पण शेजारच्या दोन तारांत व्होल्टेजचा फरक पुरेसा असला तर पॅनेलचाच करंट त्या वाटेनं वाहायला लागतो, हाच आर्क, आणि हा करंट डीसी, आपल्या घरातल्या एसीसारखा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत नाही, मग विझणार कसा? म्हणून दोन्ही शब्द लागतील, आधी ठिणगी, मग 'प्रज्योत'. हा विश्वकोशातला शब्द आहे आणि मला तो 'चाप'पेक्षा, म्हणजे धनुष्यापेक्षा, बरा वाटतो. आर्क हे नाव पडलं आकारावरून, आडव्या कार्बन कांड्यांमधली ज्योत गरम हवेनं वर उचलून धनुष्यासारखी वाकायची. अवकाशात हवाच नाही, तर चाप कुठला!

आता इन्सुलेशन. तिथल्या वायरींवर पॉलिइमाइडचं, म्हणजे कॅप्टॉनचं आवरण असायचं, ते आर्कनं जळलं की कोळसा होतो आणि त्या कोळशातून वीज वाहते. याला इंग्रजीत आर्क ट्रॅकिंग म्हणतात, पण आपल्याकडं शब्द तयार आहे, 'कार्बन धरणं'. सोलापुरात मामाच्या मागाच्या कारखान्यात एकदा स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला, वायरमननं झाकण काढून दाखवलं तर बेकेलाइटवर दोन कॉन्टॅक्टच्या मधे केसासारखी काळी रेघ, फडक्यानं पुसली तर जाईना, ब्लेडनं खरवडावी लागली. "कार्बन धरलाय, यातनंच करंट पळतोय," म्हणाला. अगदी तेच.

जपानचा मिदोरी-२ हा उपग्रह डिसेंबर २००२ मध्ये वर गेला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये त्याची वीज ६ किलोवॅटवरून १ वर आली, संशय सोलर पॅनेलकडून येणाऱ्या वायरींच्या जुडग्यावरच होता. याबद्दल लिहिताना 'ठिणगी पडून उपग्रह गेला' म्हटलं तर वाचणाऱ्याला एका क्षणाचा अपघात वाटेल.

इन्सुलेशनला 'निरोधन' आहे, पण मी इन्सुलेशनच ठेवीन, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणालाही 'इन्सुलेशन गेलं' म्हटलं की लगेच कळतं.