वाचकांचे प्रश्न : मुंबईतली संध्याकाळ कुठे घालवावी?

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी दोन दिवसांसाठी मुंबईत येत असून मुक्काम दादरला नातेवाइकांकडे आहे. नाटक आणि गाणे या दोन्हींची आवड आहे. कोणती ठिकाणे चुकवू नयेत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुक्काम दादरला असल्याने एक संध्याकाळ श्री शिवाजी मंदिरासाठी राखून ठेवावी. प्लाझा चित्रपटगृहाजवळचे हे नाट्यगृह 1965 पासून मराठी व्यावसायिक रंगभूमीचे माहेरघर आहे. सुटीच्या दिवशी येथे सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन-तीन प्रयोग लागतात, आणि मध्यंतरातला बटाटेवडा हाही प्रयोगाचाच एक भाग समजला जातो. वर्तमानपत्रातले नाटकांच्या जाहिरातींचे पान आधी पाहावे आणि प्लॅन उघडताच, म्हणजे आसनांची विक्री सुरू होताच, तिकिटे काढावीत, कारण गाजत असलेल्या नाटकाची चांगली आसने आयत्या वेळी मिळत नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळसाठी नाटक हवे की गाणे, हे आधी ठरवावे लागेल. नाटक हवे असल्यास माझे मत निःसंशय जुहूच्या पृथ्वी थिएटरला आहे. शशी आणि जेनिफर कपूर यांनी 1978 मध्ये उभारलेल्या या छोट्या नाट्यगृहात जेमतेम दोनशे प्रेक्षक बसतात, आणि ते रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना असल्यामुळे नटाचा श्वाससुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. प्रयोग बहुधा हिंदी वा इंग्रजी असतात, मराठी अधूनमधून. सोमवारी नाट्यगृह बंद असते, आणि तिसऱ्या घंटेनंतर आलेल्या प्रेक्षकाला, तो कितीही मोठा असो, आत सोडले जात नाही. विलेपार्ले स्थानकापासून जुहूपर्यंतची वाहतूक लक्षात घेता घरून तासभर आधी निघणे शहाणपणाचे. लवकर पोहोचलात तर वेळ घालवण्यासाठी तेथील कॅफे आहेच.

गाणे हवे असेल, तर नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाटक केंद्रातले, म्हणजे ‘एनसीपीए’तले, टाटा थिएटर गाठावे. फिलिप जॉन्सन या अमेरिकी वास्तुरचनाकाराने आराखडा केलेले आणि 1980 मध्ये खुले झालेले हे सभागृह पंख्याच्या आकाराचे आहे. सुमारे हजार आसने असूनही ध्वनिक्षेपकाचा आधार न घेता गाणे-वाजवणे ऐकू यावे, या हेतूने त्याची ध्वनिरचना झाली. तंबोऱ्याचा नाद भिंतींवर आदळून विस्कटत नाही, हे तेथे पहिल्या काही मिनिटांतच जाणवते. चर्चगेटहून तेथे शेअर टॅक्सीने जाता येते.

वांद्रे-कुर्ला संकुलातले नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र पाहावे काय, असेही आपण मनात विचारत असाल. 2023 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचे मोठे नाट्यगृह दोन हजार आसनांचे आहे. भव्य नेपथ्य, नृत्य आणि वाद्यवृंद यांचा सोहळा पाहायचा असेल तर तेथे जरूर जावे. दोन पात्रांच्या संवादनाट्याला मात्र एवढी जागा सोसत नाही, असे माझे मत आहे. त्यासाठी लहानच जागा हवी.

प्रश्न : माझे वडील साठच्या दशकात मुंबईतल्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवत असत. त्या काळातले काही आज उरले आहे का? (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : जागा उरली आहे, बँड उरलेले नाहीत. चर्चगेटचा रस्ता, म्हणजे आजचा वीर नरिमन रस्ता, हा त्या काळी जॅझचा रस्ता होता, आणि वाजवणारे बहुसंख्य वादक गोव्याचे होते. हेच वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन किंवा ट्रम्पेट वाजवत आणि रात्री हॉटेलात हजर होत. मुंबई राज्यात दारूबंदी असतानाही हे बँड बहरले, याचे मला आजही कौतुक वाटते. 1956 मध्ये सुरू झालेले गेलॉर्ड हे रेस्टॉरंट आजही त्याच रस्त्यावर आहे. वडिलांच्या आठवणीने तेथे एक जेवण अवश्य करावे.

पुढच्या काळात लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झाला. केवळ प्रत्यक्ष संगीतासाठी उभारलेली अशी जागा शहरात दुर्मीळच होती, पण 2016 मध्ये तिलाही कुलूप लागले. असे क्लब उघडतात आणि मिटतात, म्हणून नावापेक्षा त्या आठवड्याचा कार्यक्रम पाहून जावे. आता जॅझ ऐकायचे तर ‘एनसीपीए’चे कार्यक्रमपत्रक चाळावे, आणि चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाउसचेही. 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली ती वास्तू 1993 मध्ये बंद पडली होती, आणि जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये पुन्हा खुली झाली. बालगंधर्वांचे स्वर एकेकाळी ऐकलेल्या त्या छताखाली सॅक्सोफोन ऐकणे हा निराळाच अनुभव ठरेल.

प्रश्न : माझा बावीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर लोअर परळच्या पबमध्ये जाऊ इच्छितो. नियम काय आहेत? (एक पालक, ठाणे)

उत्तर : महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय 21, तर व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यांसाठी 25 आहे. आपल्या मुलाला पहिले चालेल, दुसरे नाही. ओळखपत्र जवळ असू द्यावे. बार रात्री दीडपर्यंत उघडे राहू शकतात, परंतु शेवटच्या लोकल त्याआधीच सुटलेल्या असतात, त्यामुळे ठाण्याला परतण्याची सोय आधीच ठरवून ठेवावी. याच परिसरातल्या कमला मिलमध्ये डिसेंबर 2017 मध्ये गच्चीवरच्या पबला आग लागून 14 जणांचा जीव गेला. म्हणून आत शिरल्यावर टेबल निवडण्याआधी बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता कोठे आहे आणि तो मोकळा आहे ना, एवढे पाहायला त्याला सांगावे. रस्ता अडवलेला दिसला, तर तेथे थांबू नये.