दोन प्रोसेसरचा मदरबोर्ड शोधताय? आधी प्रोसेसरचा नंबर वाचा

ऐरोलीच्या मित्राने विचारलंय की घरी कोअर आय७ आहे, तसलाच अजून एक घेऊन दोन्ही बसतील असा मदरबोर्ड कुठे मिळेल, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडरिंग (चित्र तयार करणं) करायचंय आणि चार-पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच मशीनमध्ये चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर, चालवायच्यात.

दादा, असा बोर्ड मिळणारच नाही, कितीही दुकानं फिरा. दोन प्रोसेसरना एकमेकांशी बोलायला मधे लिंक लागते आणि ती प्रोसेसरमध्येच असावी लागते, इंटेलचे कोअर, एएमडीचे रायझन, थ्रेडरिपर यातल्या कशातच ती सोय नाही. ती इंटेलच्या झिऑन आणि एएमडीच्या एपिक या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये, तीही सगळ्यांत नाही. झिऑन ई५ घेताना डॅशनंतरचा पहिला आकडा बघायचा, १६५० असेल तर एकटाच चालणार, २६८० असेल तर जोडी चालते, ४६५० असेल तर चारपर्यंत. एपिकच्या नंबरच्या शेवटी पी असेल, जसं ७४०२पी, तर तो एकाच सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), स्वस्त दिसला म्हणून दोन उचलू नका प्लीज.

आता बोर्ड. सेकंडहँड बजेटमध्ये बघायचं तर सी६१२ चिपसेटवाले (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप), सुपरमायक्रो एक्स१०डीएआय किंवा आसुस झेड१०पीई-डी८ डब्ल्यूएस, यांच्यावर झिऑन ई५-२६०० मालिकेतले व्ही३ आणि व्ही४ (तिसरी, चौथी आवृत्ती) दोन्ही बसतात, फक्त व्ही४ टाकणार असाल तर बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) नवा आहे का ते विकणाऱ्याला आधीच विचारा, जुन्या बायोसवर मशीन डिस्प्लेच देत नाही. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे घ्या. हे बोर्ड १२ बाय १३ इंचाचे असतात, साध्या कॅबिनेटमध्ये मावत नाहीत, आणि पॉवर सप्लायला ८ पिनचे दोन सीपीयू कनेक्टर लागतात. रॅम पण ईसीसी रजिस्टर्ड (सर्व्हरची, चुका दुरुस्त करणारी) घ्या आणि दोन्हीकडे सारखी वाटून लावा, कारण प्रत्येक प्रोसेसरचे रॅम स्लॉट वेगळे असतात, ग्राफिक्स वगैरे कार्डं बसतात त्या पीसीआय स्लॉटचंही तसंच, दुसरं सॉकेट रिकामं ठेवलं तर त्याच्याकडचे स्लॉट बंदच.

पण खरं सांगू का, तुमच्या कामाला दोन सॉकेट लागतीलच असं मला वाटत नाही. ई५-२६८० व्ही४ ची जोडी म्हणजे २८ कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग), पण नुसत्या प्रोसेसरचेच २४० वॉट, त्यापेक्षा एकटा रायझन ९ ५९५०एक्स १६ कोअरचा, १०५ वॉटचा, आणि एकेका कोअरचा स्पीड बराच जास्त. ब्लेंडर तर ग्राफिक्स कार्डवर पळतं. १२८ जीबीच्या वर रॅम किंवा तीन-चार कार्डं लावायची असतील तरच जोडीच्या मागे लागा.

तरीही घ्यायचाच असेल तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर जुना सर्व्हरचा माल विचारा. मोबाईलच्या टॉर्चने दोन्ही सॉकेटच्या पिना बघा, एक जरी वाकडी असली तर सोडून द्या. घरी विंडोज होम असेल तर ते एकच सॉकेट वापरतं, प्रो लागेल. आणि दुकानातच मशीन चालू करायला लावा, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सॉकेट्स २ आणि रॅम पूर्ण दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.