जांघेतली गाठ, बेंबीवरचं नाणं आणि पथकातला ढोल

प्रश्न : वय ५८. मार्केट यार्डात किराणा मालाचा गाळा आहे, ५० किलोची पोती उचलावी लागतात. सहा महिन्यांपासून उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ येते. संध्याकाळी फुगते, आडवा झालो की जाते. दुखत नाही. मेडिकलमधून पट्टा आणला आहे. त्यानं भागेल का? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : आडवं झाल्यावर आत जाते, उभं राहून खोकलं की बाहेर येते, म्हणजे हा बहुधा जांघेतला हर्निया, पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतडं बाहेर डोकावणं. गावाकडे याला अंतर्गळ म्हणतात. जन्माआधी वृषण पोटातून जांघेच्या वाटेनं खाली उतरतात. ती वाट पुढे बंद झाली तरी पोटाच्या भिंतीत ती जागा कायमची कच्ची राहते. म्हणून हे दुखणं मुख्यतः पुरुषांचं. साधारण चारांतल्या एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी होतं.

पोत्यांमुळेच झालं, असं छातीठोक सांगता येत नाही. जुना खोकला, शौचाला कुंथणं, प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करावा लागणं, यांतून पोटातला दाब दिवसाकाठी कितीतरी वेळा वाढतो. तंबाखू-विडी ओढणाऱ्यांची ऊती मुळातच कमजोर होते. तेव्हा लघवीची धार बारीक झाली असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. नाहीतर ऑपरेशननंतर लघवी अडते आणि नळी घालायची वेळ येते.

पट्टा भोक बुजवत नाही, फक्त झाकतो. गाठ बाहेर असतानाच वरून आवळला, तर आतलं आतडं चेपतं. भोक आसनांनी, लेपानं किंवा चूर्णानंही बुजत नाही, शिवावंच लागतं. मात्र उद्याच शिवलं पाहिजे असंही नाही. त्रास नसलेल्या किंवा अगदी कमी त्रास असलेल्या ७२० पुरुषांवर उत्तर अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी थांबायचं ठरवलं, त्यांच्यात आतडं अडकून धावपळ होण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनच्या आत होतं. पण १० वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. आमचं मत विचाराल, तर ५० किलोची पोती उचलणाऱ्यानं सवडीनं, पण याच वर्षी उरकावं. आरोग्य विम्याची पॉलिसी नवी असेल तर कागद वाचा. हर्नियाला बहुधा २ वर्षं थांबावं लागतं.

ऑपरेशनमध्ये भोकावर पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची जाळी बसवतात. उघड्या पद्धतीत जांघेवर ५ ते ६ सेंमीचा छेद असतो आणि कण्यात इंजेक्शन देऊन किंवा तेवढाच भाग बधिर करून काम होतं. दुर्बिणीच्या पद्धतीत तीन छोटी भोकं पाडून साधारण १५ बाय १० सेंमीची जाळी आतून लावतात. याला पूर्ण भूल लागते. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा एकदा शिवलेला परत आला असेल, तर दुर्बीण सोयीची. एरवी ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसला आहे, ती घ्या. विडी ओढत असाल तर निदान ४ आठवडे आधी बंद करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, मनानं थांबवू नका.

तोवर एवढं मात्र पाठ ठेवा. गाठ आत जाईनाशी झाली, कडक होऊन ठणकू लागली, उलट्या झाल्या, गॅस सरेनासा झाला किंवा वरची कातडी लाल-काळी पडली, तर दाबत बसू नका. पाणीही न पिता थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर ते काही तासांत मरतं.

प्रश्न : बाळ १४ महिन्यांचं. रडलं की बेंबी फुगते. सासूबाई नाणं ठेवून चिकटपट्टी लावतात. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाणं काढा. त्यानं भोक लवकर मिटत नाही, खाली घाम साचून कातडी मात्र सोलवटते. बाळाच्या बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा ४-५ वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. सासूबाईंना अनुभव आला असेलही, पण तो नाण्याचा नव्हे, वयाचा गुण. हीच गाठ जांघेत असती, तर वाट बघायची नसते. बालसर्जन पोटातून खाली उतरलेली हर्नियाची पिशवी बांधून टाकतात, जाळी लागत नाही.

प्रश्न : वय २४. जांघेतल्या हर्नियाला दुर्बिणीतून जाळी बसवून ३ आठवडे झाले. नदीपात्रात पथकाचा सराव सुरू आहे, गणपतीला ७ आठवडे आहेत. ढोल बांधू का? शिवाय त्याच जागी परत फुगलं आहे. – एक वादक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी फुगवटा. खोकून बघा, आडवे होऊन बघा. आकार जराही बदलत नसेल, तर हर्नियाच्या रिकाम्या झालेल्या जागेत पाणी साचलं असावं. ते ६ ते ८ आठवड्यांत जिरतं. सुईनं काढून घ्यायचा हट्ट धरू नका, जंतू जाळीपर्यंत पोचतात. खोकल्यावर वाढत असेल, जागा गरम-लाल झाली असेल किंवा ताप असेल, तर लगेच सर्जनना दाखवा. एकदा दाखवायचं तर आहेच.

चालणं पहिल्या दिवसापासून हवंच. अचानक ब्रेक दाबताना जांघ दुखत नसेल, तर दुचाकीही चालवा. पण ती मेन स्टँडवर चढवणं अजून दुसऱ्याला सांगा. भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास भरतो, पाण्याचा जार २० किलोचा. दोन्ही ६ आठवडे होईपर्यंत नकोत.

ढोलाची अडचण नुसत्या वजनाची नाही. तो कंबरेला आवळून बांधतात, त्याची कड ओटीपोटात रुतते आणि प्रत्येक ठोक्याला पोट आखडतं. सहा आठवडे झाले आणि सर्जननी होकार दिला, की १५ मिनिटांपासून सुरू करा. ताशा गळ्यात असतो, तो आधी चालेल. ध्वज मात्र यंदा नकोच, त्याची काठी नेमकी पोटावर टेकते. विसर्जनाला सलग न वाजवता आलटून पालटून वाजवा.

प्रश्न : आईचं वय ६६. जांघेच्या घडीखाली सुपारीएवढी गाठ, दुखत नाही. गणपती झाले की दाखवू म्हणते. – एक वाचक, हडपसर

उत्तर : घडीच्या खाली असलेली गाठ या वयाच्या बाईत मांडीच्या वाटेनं आलेला हर्निया असू शकते. ती वाट अरुंद आणि कडा कडक, त्यामुळे आतडं तिथं सहज अडकतं. पहिल्या उत्तरातली थांबायची मुभा इथे नाही. सोनोग्राफी उभं राहून आणि खोकायला लावून करायला सांगा. सर्जनची वेळ मात्र गणपतीनंतरची नको, याच आठवड्यातली घ्या.