मुलगा सातवीत आहे, वर्गातली मुलं रोज चिडवतात, घरचे म्हणतात लक्ष देऊ नको. एवढं पुरेसं आहे का?

नाही ताई, पुरेसं नाही. मी स्वतः माझ्या मुलीला वर्षभर हेच सांगत होते.

आम्ही सिडकोत, पवन नगरला राहतो. लेक सहावीत होती, तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. मी ओरडायचे. मग युरिन इन्फेक्शन झालं आणि एका रात्री पोट शेकत होते तेव्हा हळूच बोलली, की चार मुली बाथरूमपाशी थांबतात, ही आत गेली की बाहेरून कडी लावून हसतात, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही असं तिनं ठरवलेलं. मला का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणे, तूच म्हणाली होतीस ना लक्ष देऊ नको. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा.

तेव्हापासून मिळेल ते वाचत गेले. यावर पहिल्यांदा नीट संशोधन केलं डॅन ओल्वेयस यांनी, १९७० च्या दशकात, स्वीडन-नॉर्वेकडे. त्यांचं म्हणणं, मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि ज्याला होतंय त्याला परतवता येत नाही, ते बुलिंग. दोन बरोबरीच्या पोरांची भांडणं वेगळी. आणि मोठं झाल्यावर विसरतात म्हणतात ना, तसं नाहीये. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांचा पन्नाशीपर्यंत मागोवा घेतलाय, ७ आणि ११ व्या वर्षी ज्यांना वारंवार त्रास झाला त्यांच्यात इतक्या वर्षांनीही डिप्रेशनचं प्रमाण जास्त निघालं.

पण मला खरा उपयोग झाला तो टोरांटोच्या अभ्यासाचा, २००१ चा. शाळेच्या मैदानावर मुलांचं शूटिंग केलं होतं, तर १० पैकी जवळजवळ ९ वेळा बाकीची पोरं आजूबाजूला होती, मधे पडायचं कोणी ते फार तर ५ पैकी एकदा, पण कोणी पडलंच तर निम्म्याहून जास्त वेळा १० सेकंदांत प्रकार थांबला. १० सेकंद! मी उगाच लेकीला खंबीर हो, खंबीर हो म्हणत बसले होते.

मग शाळेत गेले. बाई आधी म्हणाल्या मुलींची मस्ती असते, चालायचंच. मी तारखा लिहिलेली वही पुढे केली आणि एवढंच मागितलं की हिच्या बेंचवरची मुलगी सुट्टीत हिच्यासोबत जाऊ दे, आणि त्या मजल्यावर कोणीतरी मोठं माणूस असू दे. दुसऱ्या आठवड्यात बाटली अर्धी आली. दिवाळीपर्यंत रिकामी यायला लागली.

एक मात्र करू नका, दोघांना समोरासमोर बसवून सॉरी म्हणायला लावू नका, जो घाबरलाय तो समोर काय बोलणार, आणि नंतर जास्त त्रास होतो. मुलगा फारच गप्प झाला असेल, जगायचंच नाही असं काही बोलला तर थांबू नका, टेलीमानस १४४१६ किंवा चाइल्डलाइन १०९८ या हेल्पलाइनला फोन करा, दोन्ही फुकट आहेत.

आज रात्री त्याला कोण त्रास देतं असं एकदम विचारू नका. मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस, ते विचारा.