ऑगस्टअखेर अलास्कात गाइडसोबत मासेमारी: जावं का?

जुलैत सुट्टी मिळत नाही, मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अलास्कातल्या आडरानातल्या लॉजवर जाऊन काही गळाला लागेल का, आणि गाइडचे पैसे वसूल होतात का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींना माझं उत्तर ठाम हो आहे.

मी सिअॅटलला राहतो, पण मूळचा कोकणातला. पहिल्या पावसात वहाळात शिरणारे चढणीचे मासे लहानपणी पाहिले होते. अलास्कातल्या ब्रिस्टल बे या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये तीच गोष्ट कल्पनेपलीकडे मोठी होते. 2022 साली तिथे जवळपास 8 कोटी सॉकाय जातीचे सामन (सॅल्मन) मासे परतले होते. ही चढण जुलैच्या सुरुवातीला भरात असते, म्हणून लोकांना वाटतं की ऑगस्टअखेर सगळं संपलं. खरं तर तेव्हा दुसराच हंगाम सुरू होतो. लालभडक अंगाचे, हिरव्या डोक्याचे सॉकाय वाळूखड्यांत खळगे करून अंडी घालत असतात, आणि त्यांच्या मागे रेनबो ट्राउट ती गाबोळी खायला टपलेले असतात.

गाइड लागतो तो इथे. गळाच्या वर साधारण दोन इंचांवर अंड्याएवढा प्लास्टिकचा मणी लावतात. पहिल्या सकाळी आमच्या गाइडने नारिंगी मणी दिला. तासभर काहीच नाही. मग त्याने प्रवाहातून वाहत आलेलं एक अंडं तळहातावर घेतलं, न्याहाळलं आणि फिकट, दुधाळ मणी लावला, कारण मेलेलं अंडं पांढुरकं पडतं. तिसऱ्या फेकीला ट्राउट लागला! मणी प्रवाहाच्याच वेगाने वाहायला हवा. दोर ताणला गेला की मणी फरफटतो आणि मासा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हे मला एकट्याने शिकायला कितीतरी वर्षं लागली असती. ट्राउट मात्र सोडून द्यायचे, तेही ओल्या हातांनी आणि शक्यतो पाण्याबाहेर न काढता.

खायला हवा असेल तर याच दिवसांत समुद्रातून ताजा आलेला कोहो, म्हणजे सामनचीच दुसरी जात, मिळतो. (आपल्याकडे सामनला सर्रास रावस म्हणतात, पण रावस वेगळ्याच कुळातला.)

अस्वलं दिसतीलच. मेलेल्या सामनचा वास दरीभर असतो आणि तीही त्याच जेवणाला आलेली असतात. याच भागातल्या कॅटमाई नॅशनल पार्कात त्यांच्यापासून किमान 50 यार्ड, म्हणजे साधारण 45 मीटर, दूर राहावं लागतं. गळाला मासा असताना अस्वल वळलं, तर गाइड सांगेल त्या क्षणी दोर तोडा आणि मागे या. मी एक मोठा कोहो असाच सोडला. अस्वलाला एकदा कळलं की माणसाच्या दोराला आयतं जेवण असतं, तर पुढे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला धोका होतो.

किंग सॅल्मन गावापर्यंत अँकरेजहून विमानाने जायचं, रस्ता नाहीच. पुढे पाण्यावर उतरणारं छोटं विमान असतं, त्यामुळे मऊ बॅग घ्या, सामान मोजकंच ठेवा. धुक्यात ते उडत नाही, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवाच. अस्वलांसाठीचा स्प्रे प्रवासी विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्या. चिलटांसाठी डोक्यावरची जाळी मात्र घरूनच न्या.

पैसे भरण्याआधी लॉजला विचारा: त्या आठवड्यात कुठल्या माशावर भर असतो, आणि एका गाइडमागे किती जण? दोनपेक्षा जास्त म्हणाले तर मी दुसरा लॉज शोधेन.