दोन वर्षांच्या वर्क परमिटवर कॅनडाला चाललो, टॅक्स नेमका कुठं भरायचा?

भाऊ, तुम्ही लिहिलं की बायको अन् लहान मुलगी सोबत येणार, गावाकडं नावावर पाच एकर वावर अन् बँकेत थोडी एफडी आहे, आणि तुमचा मित्र म्हणतो टेम्पररी माणसाला तिथं टॅक्स पण नाही अन् सरकारी फायदे पण नाही. मित्र दोन्ही बाजूंनी चुकून राहिला. मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातला, कॅनडातल्या विनिपेगला असाच परमिटवर होतो, आता परत येऊन कास्तकारीच पाहतो, म्हणून हे सगळं भोगून झालेलं आहे.

आधी आपल्याकडचं. इथं व्हिसा कोणता हे कोणी विचारत नाही, दिवस मोजतात. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिले की तुम्ही रेसिडेंट, मग जगात कुठंही कमावलेला पैसा इथं दाखवावा लागतो. (६० दिवसांचा पण एक नियम आहे पण नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी त्याच्याऐवजी १८२ च लागतात, म्हणून ते डोक्यातून काढून टाका.) म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसले तर १८१ दिवस होतात अन् तुम्ही एनआरआय, एक दिवस उशीर केला की रेसिडेंट.

माझं काय झालं सांगतो. २०२२ ची गोष्ट, तिकीट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं मिळत होतं, पण आई म्हणे दसरा करूनच जाय, सोनं वाटल्याशिवाय घरातून पाय काढू नको. दसरा होता ५ ऑक्टोबरला, मी निघालो ८ ला. झाले १९१ दिवस! त्या आपट्याच्या पानांपायी ऑक्टोबर ते मार्चचा कॅनडाचा पगार मला इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागला.

आता दोनदा टॅक्स लागतो का, तर नाही, भारत अन् कॅनडाचा करार आहे, तिथं भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट इथं मिळतं, पण त्या कमाईवर इथं जेवढा टॅक्स बसतो तेवढंच, वरचं परत मिळत नाही. आणि ते मागावं लागतं, माझ्या वेळी फॉर्म ६७ भरावा लागायचा. आमच्या सीएने रिटर्न भरलं अन् हा फॉर्म राहूनच गेला, मग क्रेडिट कापून डिमांडची नोटीस आली, बाबांचा रात्री फोन, "काहून बाप्पा, काय करून बसला तू तिकडं?" नशीब की ३१ मार्च २०२४ पर्यंत फॉर्म भरायची मुदत होती, तो भरून दुरुस्ती करून घेतली. कॅनडाचं टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर अन् आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळं पगाराची प्रत्येक स्लिप महिन्यानुसार ठेवा, नुसत्या वर्षाच्या टी४ वरून (तिथली कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा अन् कापलेल्या टॅक्सचा कागद) हिशोब जुळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, फॉर्मचे नंबर पाहून घ्या, १८२ चं गणित तेच आहे.

कॅनडात उलटं. तिथं तुमचं बिऱ्हाड कुठं आहे ते पाहतात. बायको-लेकरू सोबत, घर भाड्यानं घेतलं, की ज्या दिवशी उतरले त्या दिवसापासून टॅक्सपुरते तुम्ही तिथले रेसिडेंट, परमिट दोन वर्षांचं का असेना. घरचे इथंच राहिले अन् तिथं असे संबंध नसले तर मग १८३ दिवसांचा नियम पुढं येतो, म्हणजे वर्षात तिथं तेवढे दिवस राहिले की रेसिडेंट धरतात. पहिल्या वर्षी टॅक्समाफीची जी मूळ रक्कम असते ती साधारण राहिलेल्या दिवसांच्या प्रमाणातच मिळते, तेव्हा पहिलं रिटर्न पाहून घाबरू नका. रिटर्न ३० एप्रिलपर्यंत.

आता फायद्यांचं, कारण हे सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं. जीएसटी क्रेडिट, म्हणजे कमी कमाईवाल्याला सरकार देते ती रक्कम, दर तीन महिन्यांनी खात्यात येतं, कमाई कमी असेल तर, अन् ते टेम्पररी माणसालाही मिळतं. मुलीसाठीचा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे लेकरांसाठी सरकार देते तो पैसा, मात्र सलग १८ महिने तिथं राहिल्यावर, अन् १९ व्या महिन्यात परमिट चालू पाहिजे. म्हणजे तुमच्या दोन वर्षांतले शेवटचे सहाच महिने हाती लागतात, पण ते सोडू नका. आणि भारतात परत यायच्या वेळी तिथल्या टॅक्स खात्याला कळवा, नाहीतर नंतर मिळालेले पैसे ते वसूल करतात.

वावराचं एक कोणी बोलत नाही. शेतीच्या उत्पन्नाला इथं टॅक्स नाही हे आपल्या अंगात भिनलेलं असते, पण कॅनडाला त्याचं काही घेणंदेणं नाही, रेसिडेंट झाले की सातबारा तुमच्या नावावर असलेल्या वावरातल्या तुरीचा नफासुद्धा त्यांच्या रिटर्नमध्ये मोजतात. माझं वावर बाबांच्या नावावर, म्हणून मी वाचलो.

इथल्या बँकेतलं साधं खातं एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या, एफडीच्या व्याजावर मग ३० टक्के अन् वर सेस असा टीडीएस कापतात, तो रिटर्न भरून परत मागता येतो. कमी कमाईवाल्याला टॅक्समध्ये मिळणारी सूट (जुन्या कायद्यातलं कलम ८७ए) मात्र एनआरआयला नाही.

जायच्या आधी एवढं करा, पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा, अन् मुलीच्या ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे का ते पाहा, चाइल्ड बेनिफिटच्या अर्जाला तो लागतो. आमच्यात एका अक्षराचा फरक होता, अन् ते नीट करायला बाबांना ग्रामसेवकामागं दीड महिना फिरावं लागलं.