यॉटवरून घरी आला, पण बोलतच नाही

"मुलगा यॉटवर आहे, पैसे चांगले पाठवतो. पण सुट्टीवर आला की दार लावून झोपतो, काही विचारलं की खेकसतो, पाहुणे आले की मागच्या दाराने सटकतो. तिकडे काही भलतंसलतं तर लागलं नसेल ना?"

युरोपातला उन्हाळी सीझन आटोपून मुलं घरी येतात ती दिवाळीच्या आसपास, आणि तेव्हाच समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुधा आई असते. नवरा बाहेर गाडीत बसलेला असतो.

गोव्याला बोटीवर जाणारी माणसं नवी नाहीत. मात्र तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, म्हटलं की सासष्टी-बार्देशातली ख्रिस्ती घरं डोळ्यांपुढे येतात. मुंबईत धोबीतलावला त्यांच्या गावागावांचे कूड होते, बोट मिळेपर्यंत माणूस तिथे राहायचा. माणूस जाणं, येणं, आल्यावर घरात पुन्हा रुळणं हे सगळं त्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडच्या आपल्या बऱ्याच घरांत मात्र समुद्रावर गेलेला हा पहिलाच मुलगा असतो. आणि तो थेट यॉटवर गेलेला असतो, म्हणजे शेजारपाजारच्या अनुभवाचाही फारसा उपयोग नाही.

सिद्धेशची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर डिचोली तालुक्यातलं. वडिलांचे खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ चालल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. एक ट्रक विकला, दुसऱ्याचं कर्ज अंगावर राहिलं. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून पंचतारांकित हॉटेलात लागला होता. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने चार्टर यॉटवर, म्हणजे पाहुण्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या यॉटवर, त्यांची सरबराई करणारा स्टुअर्ड म्हणून गेला. पहिल्या सीझनच्या पैशांतून कर्जाचा मोठा तुकडा फिटला आणि घरात त्याच्याविषयी एक सूर लागला: "आमच्या सिद्धेशने नशीब काढलं." दुसऱ्या सीझननंतर तो परत आला तो हा असा, दार लावून घेणारा.

आईची भीती मी हसण्यावारी नेली नाही. यॉटवर अमली पदार्थ सापडले तर नोकरी जागच्या जागी जाते, पण पाहुणे उतरल्यावर क्रूने बंदरावरच्या बारमध्ये जाऊन बेसुमार पिणं या धंद्यात सर्रास चालतं. म्हणून सिद्धेश एकटा आला तेव्हा मी त्याला सरळच विचारलं. त्यानेही सरळ सांगितलं: तिकडे सुट्टीच्या रात्री भरपूर व्हायची, घरी आल्यापासून कधीतरी एखादी बिअर. त्याच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायला लावलं, कारण सतत झोप येण्यामागे थायरॉईड किंवा रक्त कमी असणंही असू शकतं. तसं काही निघालं नाही.

पहिल्या भेटीत माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. तो खुर्चीच्या कडेवर ताठ बसला होता. माझ्या टेबलावरचा ग्लास रिकामा झाला तसा बोलता बोलता उठला आणि कोपऱ्यातल्या जारमधून भरून आणला. मी म्हटलं, "अरे, बस तू." तो ओशाळला. मग म्हणाला, "मॅडम, तिथे हसायचे पैसे मिळतात. इथेही सगळ्यांना हसूनच दाखवायचं का?"

त्याचा चार्टरचा दिवस त्याच्याच तोंडून ऐकला. पाहुणे उठायच्या आत न्याहारीचं टेबल लागलेलं हवं. ते जेवत असताना त्यांच्या केबिन आवरायच्या, चादरी इस्त्री केलेल्या, टॉयलेट पेपरचं टोकसुद्धा त्रिकोणी दुमडलेलं. नळाच्या खाचा कापसाच्या काडीने पुसायच्या. स्टीलवर बोटाचा ठसा दिसता कामा नये. कोणी पोहायला उतरलं की टॉवेल घेऊन उभं राहायचं. प्रत्येक जेवणाला टेबलाची सजावट नवी. रात्री शेवटचा पाहुणा झोपायला जाईपर्यंत एकाने तरी जागं राहायचं, मग तो दोनला जावो की चारला, आणि त्यानंतर बार आवरायचा. आठवड्याने हे पाहुणे उतरले की एक-दोन दिवसांत सगळं धुऊनपुसून पुढचे चढतात. झोपायला खाली, नाळेच्या म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या बाजूला, दोन बंकांची केबिन. त्याच्या हक्काची जागा म्हणजे बंकचा पडदा, आणि पडद्यापलीकडे वेगळ्या पाळीचा सोबती. जेवण क्रू मेसमध्ये, त्याच लोकांबरोबर, त्याच वरिष्ठांसमोर.

सीझनभर हा मुलगा एकटा असा कधी नव्हताच. घरी आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती खोलीचं दार लावून घेण्याची, आणि घरच्यांना नेमकी तीच खटकली.

त्यात आणखी एक गाठ होती. यॉटच्या मालकाविषयी, पाहुण्यांविषयी बाहेर बोलायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत, असा कागद त्याने सही करून दिला होता. बहुतेक यॉटवर तो असतोच. गावातल्या लोकांनी मोबाईलवर यॉट पाहिलेल्या: निळं पाणी, शॅम्पेन, पांढरे कपडे. ते विचारायचे, कोण कोण भेटलं रे, दाखव की फोटो. हा गप्प. वडिलांना वाटलं, पोराला शिंग फुटली.

तासांबद्दलही लिहायला हवं. सागरी कामगार करार २००६ नुसार खलाशाला चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. ती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडता येत नाही आणि एक तुकडा सहा तासांचा असावाच लागतो. भारतानेही २०१५ मध्ये हा करार मान्य केला. सिद्धेशच्या विश्रांतीच्या तक्त्यात हे सगळं काटेकोर भरलेलं होतं, खाली त्याची सहीही होती. प्रत्यक्षात चार्टरच्या आठवड्यात पाच तास झोप मिळाली तरी तो दिवस चांगला. "सही का केलीस?" "सगळेच करतात." बोटीवर तक्रार करायची पद्धत त्याच करारात आहे, हे मी सांगितल्यावर तो पहिल्यांदा खरा हसला. तक्रार जाणार कॅप्टनकडे, आणि पुढची नोकरी मिळणार त्याच कॅप्टनच्या शिफारशीवर. यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, आजही नाही. खलाशांसाठी 'सीफेरर हेल्प' नावाची मोफत, चोवीस तासांची, गुप्तता पाळणारी आंतरराष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो नंबर त्याने फोनमध्ये ठेवावा, एवढं मी करून घेतलं.

आईला मी साधं सांगितलं. पहिले पंधरा दिवस पाहुणे नकोत, सत्यनारायण नको, मुली बघायला जाणं तर अजिबात नको. जेवायला हाक मारा, पण उठवू नका. आला तर शीत-कडी वाढा आणि बसा, प्रश्न नकोत. पुन्हा जायचं की नाही हा विषय तिसरा आठवडा उलटेपर्यंत घरात काढायचाच नाही. दमलेला माणूस दोनच उत्तरं देतो, 'कधीच जाणार नाही' किंवा 'उद्याच जातो', आणि दोन्ही कामाची नसतात.

सोबत काय बघायचं तेही सांगितलं. तिसरा आठवडा उलटून गेल्यावरही झोप भरत नसेल, जेवण तुटलं असेल, सकाळीच प्यायला लागला असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल, तर तो नुसता थकवा नाही. मग मानसोपचार डॉक्टर, आपल्याकडे बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहेच. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर. मरणाची भाषा ऐकू आली, तर तीन आठवडे काय, तीन तासही थांबायचं नाही. सिद्धेशच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. दहा-बारा दिवसांनी तो आपणहून उठून आईबरोबर बाजारात गेला.

वडिलांना आत आणायला मात्र वेळ लागला. आले ते मेव्हण्याच्या मुलाचा दाखला घेऊनच. "तो क्रूझवर आहे. कॉन्ट्रॅक्ट ठरलेलं, सुट्टी ठरलेली. ह्याचं काहीच ठरलेलं नाही, विचारलं तर अंगावर येतो."

त्यांची तक्रार अगदीच चूक नव्हती. क्रूझवर शेकडो माणसांचा क्रू, मोठी कंपनी, ठरावीक महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. यॉटवर दहा-पंधरा माणसं, घेणारा-काढणारा बहुतेक वेळा कॅप्टन. उन्हाळ्यात भूमध्य समुद्र, मग जवळपास दोन आठवडे अटलांटिक ओलांडून हिवाळा कॅरिबियनमध्ये. पगार ठरलेला, पण ज्या पैशांवर घर खूश होतं ती टिप होती. भूमध्य समुद्रात चार्टरच्या भाड्याच्या साधारण पाच ते पंधरा टक्के टिप द्यायचा रिवाज आहे आणि ती क्रूमध्ये वाटली जाते. पण रिवाज म्हणजे हक्क नव्हे. पाहुण्याची मर्जी, चार्टर किती झाले, मालक स्वतःच महिनाभर येऊन राहिला का, या सगळ्यावर ते अवलंबून. वडिलांनी पहिल्या सीझनची रक्कम बारा महिन्यांनी भागली होती आणि त्या हिशेबाने दुसऱ्या ट्रकचं इंजिन उतरवायला काढलं होतं. दुसऱ्या सीझनला चार्टर कमी झाले. घरात चिडचिड होती ती याची, आणि ती बोलून कोणी दाखवत नव्हतं.

मी बापलेकांना समोरासमोर बसवलं आणि एकच काम दिलं. सिद्धेशने चार्टरचा एक दिवस तासातासाने सांगायचा, वडिलांनी कागदावर उतरवायचा. मत द्यायचं नाही, फक्त लिहायचं. वडील ट्रिपांचं पुस्तक लिहिण्यात मुरलेले, त्यांनी रेघा मारून रकाने पाडले. पहिला अर्धा तास चेहरा कोरा. रात्रीच्या रकान्यापाशी आले तशी बेरीज केली, पुन्हा केली, आणि पेन खाली ठेवलं. "आम्ही ड्रायव्हरलासुद्धा असं जुंपत नव्हतो रे." मग बराच वेळ ते दोघं ट्रकबद्दलच बोलत राहिले. झोप न झालेल्या एका ड्रायव्हरने उसगावच्या रस्त्यावर गाडी कशी घातली होती, वगैरे. मी मध्ये पडले नाही.

परत जायचं का, हा प्रश्न त्यानंतर सोपा झाला असं नाही, पण निदान सरळ झाला. हॉटेलात परत जायचा पर्याय होता. मांडवीतल्या कॅसिनोत काम मिळालं असतं, ते त्याला नको होतं. दोन महिने काम, दोन महिने सुट्टी अशा रोटेशनच्या जागा यॉटवर असतात, पण त्या मुख्यतः कॅप्टन, इंजिनिअर अशा वरच्या लोकांना मिळतात. त्याने जुन्या कॅप्टनकडे सहा आठवडे जादा मागितले. नकार आला आणि ती जागा गेली. घरात दोन दिवस सुतक. पुढे महिन्याभराने एका खाजगी यॉटची जागा चालून आली. पाहुणे कमी, तास बरे, टिप जवळजवळ नाही.

ही जागा मला मनापासून पटली नाही. तो सागरी करार व्यापारी वापराच्या जहाजांसाठी आहे, भाड्याने न जाणाऱ्या पूर्ण खाजगी यॉटला तो सहसा लागू होत नाही. तिथे तुमचं संरक्षण म्हणजे तुमच्या हातातला करारनामा. त्याने तो सही करण्याआधी वाचला, सुट्टी किती, आजारी पडलो तर खर्च कोणाचा, मध्येच काढलं तर घरचं तिकीट कोण देणार, हे मेलवर लेखी मागून घेतलं. पहिल्या वेळी यातलं काहीच विचारलं नव्हतं. निर्णय त्याचा होता.

त्याचा मावसभाऊ आता "मलाही जायचंय" म्हणतोय आणि एका एजंटने त्याच्याकडे जागेसाठी पैसे मागितले आहेत, हे जाता जाता कळलं. ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांच्यासाठी: भारतातून खलाशी पाठवणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर सापडते. नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), वैद्यकीय तपासणी, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचं सुरक्षा प्रशिक्षण यांचा खर्च वेगळा. त्याव्यतिरिक्त कोणी लाखांत आकडा सांगितला तर उठून यावं.

शेवटच्या बैठकीत आईने चवथीचा विषय काढला. गणपती नेमके सीझनच्या भरात येतात, म्हणजे यंदाही तो नाही. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल करेन असं कबूल करायला सिद्धेश तयार नव्हता, कारण वेळ त्याच्या हातात नसते आणि मागच्या वर्षी फोन लागला नाही म्हणून आई दिवसभर जेवली नव्हती. जमेल तेव्हा तो आवाज रेकॉर्ड करून पाठवेल, आणि आई त्यासाठी जेवण अडवणार नाही, असं ठरलं. पैशांचंही ठरलं: कर्जाचा हप्ता पगारातून, टिप मिळालीच तर ती त्याच्या स्वतःच्या खात्यात, ट्रकच्या इंजिनाला नाही. वडील कुरकुरले. एक सीझन करून बघू म्हणाले, आणि सिद्धेश परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यातली वेळ आत्ताच लिहून ठेवा असं सांगून गेले.